नमस्कार, म्हाळसाबाई भांडखोर

पितृपंधरवड्याच्या पहिल्या सोमवारी, सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी, एका अनोळखी बाईनं मला फोन करून माझ्या डाव्या गुडघ्याची चौकशी केली.

ही गोष्ट साधी नाही. माझ्या पोटच्या सुबोधनं गुडघ्याबद्दल विचारलं त्याला दोन वर्षं झाली. सून वैजयंती तर मला गुडघा आहे हेच मान्य करत नाही. आणि ही कोण कुठली, साखरेत घोळलेल्या आवाजात म्हणते, "बजाबाई मॅडम, अकरा दिवस झाले, आपण खेळायला आला नाहीत. डावा गुडघा फारच दुखतोय का?"

अठ्ठेचाळीस वर्षं सोलापूरच्या शुक्रवार पेठेत संसार केला, मला कुणी मॅडम म्हटलं नव्हतं. त्यामुळे आधी मी पदर नीट केला, सावरून बसले, आणि मग विचारलं, "काय खेळायला?"

"रमी, मॅडम. आपण लक्ष्मीपाऊल ॲपच्या डायमंड सदस्य आहात."

मी करकंबची, चौथी शिकलेली. आयुष्यात पत्ता हातात धरला तो फक्त बहिणीच्या घरी जाताना, कागदावर लिहिलेला. मी म्हटलं, "बाई, असल्या खेळांवर सरकारनं बंदी आणलीय, एवढं मला पण ठाऊक आहे."

"म्हणूनच आपलं ॲप आता परदेशातून चालतं, मॅडम. आपण काळजी करू नका. उद्या खेळ बंद पडला तरी आपली माहिती आमच्याकडे चालूच राहील."

फोन ठेवला आणि मी घरात नजर फिरवली. सुबोध कामावर. सून भांडी आपटत होती, म्हणजे तिचे हात मोकळे नव्हते. नात श्रावणी कॉलेजात. उरलं कोण? खुर्चीत पेपर उलटा धरून बसलेले आमचे हे.

यांचं नाव मी घेत नाही. लग्नात घेतलं तेवढं पुरे आहे. यांनी चाळीस वर्षं एका सरकारी ऑफिसात फायलींवर 'गोपनीय' असा शिक्का मारला. फायलीत काय आहे हे चहावाल्यालासुद्धा माहीत असायचं, पण शिक्का मात्र कधी वाकडा पडला नाही. यांचा स्वतःचा फोन बटणांचा. स्मार्ट फोन घरात दोघांत एकच, माझा, लेकीनं पुण्याहून पाठवलेला.

"अहो, मी रमी खेळते म्हणे. कधीपासून खेळते?"

पेपर हळूच सुलटा झाला. "अगं, मार्चमध्ये तुझे डोळे मिचकावून घेतले होते, आठवतं?"

आठवलं. फोन माझ्या तोंडासमोर धरून हे म्हणाले होते, डोळे मिचकाव, मान डावीकडे, आता थोडं हस. मला वाटलं रेशन कार्डाचं असेल. त्या वर्षात मी गॅससाठी डोळे मिचकावले, रेशनसाठी मिचकावले, बँकेसाठी मिचकावले, बायकांच्या योजनेसाठी तीनदा मिचकावले. आता तोंडासमोर फोन आला की शिंक यावी तसे आपोआप मिचकतात. तरुणपणी एकदा मिचकावले असते तर सासूनं माहेरी धाडलं असतं.

"स्वतःच्या नावानं का नाही खेळलात?"

"सेवानिवृत्त कर्मचाऱ्याला शोभत नाही."

"आणि त्याच्या बायकोला शोभतं?"

"तू सेवेत नव्हतीस. तुला वर्तणूक नियम लागू होत नाहीत." मग माझा चेहरा बघून घाईनं म्हणाले, "एक रुपया घातलेला नाही मी. स्वागताचे फुकट पॉइंट मिळतात, त्यावरच खेळतो."

रुपया घातला नाही, हे खरं होतं. फक्त मला घातली.

"आणि सगळं अगदी गोपनीय आहे," हे उत्साहानं सांगू लागले. "त्यांचं गोपनीयता धोरण शेहेचाळीस पानांचं आहे. मी अक्षर न् अक्षर वाचलं. चाळीस वर्षांत एवढा चोख मसुदा पाहिला नाही. त्यात स्पष्ट लिहिलंय की तुमची माहिती आम्ही आमच्या विश्वासू भागीदारांखेरीज कुणालाही देणार नाही."

"भागीदार किती?"

"चारशे बारा."

"आपल्या लग्नाला एवढी माणसं नव्हती की हो."

"यादी जोडली आहे शेवटी," हे म्हणाले. यादी जोडलेली असली की यांना कशाचंच वाईट वाटत नाही.

"आणि माझा गुडघा? तो कुणी सांगितला?"

"फोनात एक्स-रेचा फोटो आहे ना. त्यांनी विचारलं, तुमचे फोटो बघू का? नंबरांची यादी बघू का? बोलणं ऐकू का? मी प्रत्येक वेळी होय दाबलं." मग खाली बघून म्हणाले, "चाळीस वर्षांत मला कुणी परवानगी विचारली नव्हती गं. साहेबांनी नाही, तू नाहीस."

यावर मला बोलता आलं असतं, पण मी बोलले नाही. माझ्या बाबतीत हे नोंद करून ठेवावं इतकं दुर्मीळ आहे.

आता यात जिवावर काय आलं होतं ते सांगते. आमच्या बोळात अंबाबाईचं देऊळ आहे. घटस्थापनेच्या दिवशी देवीची पहिली ओटी भरायचा मान आमच्या घराचा. सासूनं मरताना दागिने थोरल्या जावेला दिले आणि हा मान मला दिला. एकतीस वर्षं मी तो सांभाळलाय. आणि एकतीस वर्षं समोरच्या घरातली म्हाळसाबाई माझ्या या मानावर डोळा ठेवून आहे. कोण किती दिवस लंगडतं, याची ती नोंद ठेवते. त्यातच बंदी आली तेव्हा देऊळ समितीच्या विरुपाक्ष सेक्रेटरीनं देवळाबाहेर पाटी लावली: 'जुगारी व्यक्तीस देवीच्या कोणत्याही मानास पात्र धरले जाणार नाही.' ती पाटी रंगवून घ्यायला मीच सांगितलं होतं. देवळामागं पत्ते कुटणाऱ्यांसाठी.

घटस्थापनेला चौदा दिवस. तेवढ्यात त्या यादीतून माझं नाव निघायला हवं होतं.

मी त्याच नंबरावर फोन लावला. "माझं नाव काढा."

"नक्की काढू, मॅडम. फक्त आपण आपणच आहात याची खात्री पटवून द्या."

"आत्ता तर तू माझा गुडघा विचारलास!"

"तो आपल्या सोयीसाठी, मॅडम. ही खात्री आमच्या सोयीसाठी. जन्मतारीख सांगा."

मी खरी सांगितली. नागपंचमीच्या आधी दोन दिवस, आमची म्हैस व्याली त्या सकाळी. ती म्हणाली जुळत नाही. हे शेजारून कुजबुजले, "एक जून." करकंबच्या मास्तरांनी अख्ख्या वर्गाला एक जूनला जन्माला घातलं होतं, ते विसरलेच मी. एक जून म्हटल्यावर लगेच जुळलं. खरं सांगितलं की मी परकी, खोटं सांगितलं की मीच.

"आता पतीचं नाव. कॅमेऱ्यात बघून, स्पष्ट उच्चारात."

"मी नाव घेत नाही."

"त्याशिवाय पुढं जाता येणार नाही, मॅडम."

मग काय करते? घसा खाकरला आणि म्हटलं, "सिद्धेश्वराच्या तळ्यात कमळं फुलली आठ, आबासाहेबांचं नाव घेते, सोडा माझी पाठ."

पलीकडून टाइप केल्याची टकटक ऐकू आली. "धन्यवाद. पतीचं नाव नोंदवलं."

पुढे डाव्या अंगठ्याचा ठसा, वीजबिल, आणि गुडघ्याचा ताजा एक्स-रे, जुना चालत नाही. पितरांचे दिवस चालू होते. गच्चीवर पितरांच्या जेवणाची वाडी ठेवली की कावळा येतो, बरोबर आपल्याच पानाला शिवतो. मेलेल्या माणसाची ओळख त्या पाखराला कागदाशिवाय पटते. मी तर जिवंत होते.

तिसऱ्या दिवशी मेसेज आला: 'आपली विनंती मिळाली. आपण आम्हाला सोडून जाताय याचं दुःख आहे. आपल्या हितचिंतकांना कळवण्यात येत आहे.'

"हितचिंतक म्हणजे कोण?" मी विचारलं.

"पान एकोणचाळीस," हे म्हणाले, आणि हातातला पेपर खाली ठेवला. "नंबरांच्या यादीतले सगळे."

इथं मला एक गोष्ट कबूल करायची आहे. माझ्या फोनातली नावं मी सांगितली आणि श्रावणीनं लिहिली. ती पोरगी सांगेल ते जसंच्या तसं लिहिते, हे वळण तिच्या आजोबांचं. आणि मी नावं सांगितली ती ओळखू यावीत म्हणून, मनात दुसरं काही नव्हतं. बोळात म्हाळसाबाई दोन. एक भाजीवाली, ती 'म्हाळसाबाई मऊ'. मग समोरच्या घरातलीला काय म्हणणार?

दुपारी अडीचला तीनशे अकरा माणसांचे फोन एकदम वाजले.

'नमस्कार, म्हाळसाबाई भांडखोर! आपल्या जिवलग बजाबाई लक्ष्मीपाऊल रमी सोडून चालल्या आहेत. त्यांना थांबवण्यासाठी इथे दाबा.'

'नमस्कार, दूधवाला पाणी! आपल्या जिवलग बजाबाई…'

'नमस्कार, डॉक्टर सुईबहाद्दर!'

'नमस्कार, सुबोध बायकोचा!'

सुबोध ऑफिसात होता. मेसेज कुणी मोठ्यानं वाचून दाखवला ते त्यानं अजून सांगितलेलं नाही. स्वयंपाकघरात 'सूनबाई मीठ जास्त' हिनं मेसेज वाचला आणि फोन मिठाच्या डब्यावर ठेवला. त्या दिवसापासून आमच्या आमटीत मीठच नाही. मागितलं तर म्हणते, "तुमची आवड तीनशे माणसांना कळलीय, आई. आता बदलायची कशी?"

आमच्या ह्यांच्या बटणाच्या फोनावरही आलाच. 'नमस्कार, अहो!' यांना तो फार आवडला. निवृत्तीनंतर इतकं अदबीचं पत्र यांना कुणी पाठवलं नव्हतं. त्यावरून मी यांचा फोन उघडून बघितला, माझं नाव काय ठेवलंय म्हणून. तिथं होतं, 'वरिष्ठ कार्यालय'.

दुसऱ्या दिवशी आम्ही तक्रार कक्षात गेलो. कोणत्या ऑफिसचा कक्ष, ते सांगत नाही. तिथं पुन्हा जायची वेळ येईल. टेबलामागं महेश्वर नावाचे सभ्य गृहस्थ बसलेले. सगळं ऐकून घेतलं, हळहळले, आणि एक फॉर्म दिला. त्यात रकाना होता: 'उघड झालेली खाजगी माहिती येथे सविस्तर लिहावी.'

"लिहिल्यावर हा फॉर्म कुठं जाणार?" मी विचारलं.

"बाहेरच्या फळ्यावर, आजी. पारदर्शकता म्हणून."

"आणि आधारच्या झेरॉक्स तीन-तीन कशाला?"

"एक आम्हाला, एक वर, आणि एक हरवायला."

झेरॉक्सच्या दुकानाशेजारी शेंगाचटणी घेतली. वाण्यानं बांधून दिली ती पुडी घरी येऊन सोडली, तर आत कुंभारीच्या कुणा बाईचं आधार कार्ड, फोटोसकट. तिचेही डोळे मिचकावलेलेच होते. चटणी मात्र चांगली निघाली.

सर्वपित्रीच्या सकाळी देऊळ समितीनं तातडीची सभा बोलावली. विषय एकच, मी. देवळाच्या ओट्यावर अख्खा बोळ जमला. हे माझ्या मागं, बगलेत धोरणाची शेहेचाळीस पानं छापून घेतलेली. जणू खटला आमच्या बाजूचाच होता.

विरुपाक्षानं चष्मा लावला. "बजाबाई, पाटी तुमीच लावायला सांगिटली व्हती. नियम समद्यांना सारखा. तुमी जुगार खेळता, असा ह्या ठिकाणी आरोप हाय."

"पुरावा?"

"मेसेज आल्यात की लोकांना!"

"मग दाखवा. एकानं दाखवा."

कुणी हलेना. एवढा बोळ, पण सगळ्यांचे हात आपापल्या खिशावर आणि पिशवीवर. शेवटी म्हाळसाबाई उठली. ती घाबरत नाही, एवढं मी तिच्याबद्दल म्हणेन.

"मी दावती! मला काय चोरी हाय? ह्यो बघा. 'नमस्कार, म्हाळसाबाई…'" आणि थांबली.

"पुढं?" मी म्हटलं.

"पुढचं बारीक हाय. चष्मा इसरला."

"आण, मी वाचते. चौथी शिकलेय मी."

"तू ग कशाला? तुजंच त्ये लिवणं!"

"मग पुरावा झाला का नाही? वाच मोठ्यानं. 'म्हाळसाबाई' आणि पुढं काय?"

तिनं फोन पोलक्यात घातला आणि खाली बसली. मी विरुपाक्षाकडे वळले. "सेक्रेटरीसाहेब, तुम्हालाही आलाच असेल. तुमचा वाचा. समितीचा पुरावा समितीनं द्यावा."

विरुपाक्ष चष्मा काढून पुसू लागला. त्याचं नाव माझ्या फोनात काय आहे ते मलाच ठाऊक. देवळात वाढवलेल्या नारळांची अर्धी भकलं रोज कुणाच्या घरी जातात, हे बोळात सगळ्यांना माहीत आहे. पण माहीत असणं वेगळं आणि 'नमस्कार, विरुपाक्ष नारळचोर' असं लेखी मिळणं वेगळं.

"माजा मेसेज…" तो म्हणाला, "खाजगी हाय. माणसाला काय खाजगी असतंय का न्हाय?"

"असतंय की!" सगळा ओटा एका सुरात म्हणाला. इतकी एकी मी त्या देवळात आरतीलासुद्धा पाहिली नाही. मग कार्यवृत्तात लिहिलं गेलं: 'पुरावा गोपनीयतेच्या कारणास्तव सादर होऊ शकला नाही.'

मी सुटले, असं मला वाटलं. तेवढ्यात म्हाळसाबाईच्या पोलक्यातून साखरेत घोळलेला आवाज आला. फोन बहुतेक दाबला जाऊन मोठ्यानं सुरू झाला होता.

"म्हाळसाबाई मॅडम, लक्ष्मीपाऊलमध्ये आपलं स्वागत! आपल्या सूनबाईंच्या फोनात आपलं नाव काय आहे, ते ऐकण्यासाठी एक दाबा…"

म्हाळसाबाईनं छातीवरच थाप मारून फोन बंद केला. मी तिच्याकडे बघितलं. "तू दाबलंस होय गं, 'इथे दाबा'?"

"तुला थांबवाया दाबलं!"

"खरं सांग."

"बाकीच्यांची काय नावं ठिवलीस त्ये दिसंल म्हनून दाबलं," ती म्हणाली. "समद्यांनीच दाबलंय. इचार की!"

कुणाला विचारायची गरज नव्हती. अख्खा ओटा चपलांकडे बघत होता. सगळ्यांनी दाबलं होतं, सगळ्यांनी डोळे मिचकावले होते. म्हणजे नियमाप्रमाणे आमच्या बोळात आता तीनशे अकरा जुगारी होते आणि देवीची ओटी भरायला पात्र असं कुणी नव्हतं.

"गोजाबाई हाय की!" कुणीतरी म्हणालं.

गोजाबाई पंच्याऐंशीची, नवरा नव्वदीचा, दोघंही शाबूत. तिच्याकडे फोन नाही. ती पायरीवर बसून वाती वळत होती. एकतीस वर्षांचा मान आणि तो एका बिनफोनवालीकडे चालला होता. पण करते काय? तिच्याविरुद्ध बोलायला काही नव्हतंच. तिचं नाव माझ्या फोनात नाही.

"पर गोजाबाई खेळत न्हाय ह्याची खात्री काय?" विरुपाक्ष म्हणाला. "समितीला कागुद लागतो."

यावर आमचे हे पुढे झाले. आयुष्यभर ज्या क्षणाची वाट पाहिली तो आला होता. "सोपं आहे," हे म्हणाले. "तिचा आधार नंबर ॲपमध्ये टाकायचा आणि डोळे मिचकावून घ्यायचे. नाव नसेल तर ॲपच सांगेल. धोरण, पान बारा."

"मिचकाव ग आजे," विरुपाक्षानं फोन तिच्या तोंडासमोर धरला.

"ह्ये कशाचं? रेशनचं?" गोजाबाईनं विचारलं.

"व्हय, तसलंच."

तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, डोळे सारखेच मिचकतात. चार वेळा मिचकले. फोनातून टाळ्या वाजल्या. "अभिनंदन, गोजाबाई मॅडम! आपलं नाव यादीत नव्हतं. आता आहे." चारदा मिचकल्यामुळे चार खाती उघडली होती.

आता बोळात जुगारी नसलेलं माणूस उरलं नाही. सभेत बराच खल झाला. पाटी काढायची तर ठराव हवा, ठरावाला पंधरा दिवसांची नोटीस हवी, आणि घट उद्या बसणार. शेवटी विरुपाक्षानं तोडगा काढला: सगळेच जुगारी असतील, तर मान जुगाऱ्यांतल्या ज्येष्ठाला मिळावा, वयानं नव्हे, सदस्यत्वानं. ज्येष्ठता कागदोपत्री सिद्ध व्हावी.

मी त्याच नंबरावर फोन लावला. दोन आठवडे जी बाई मी मीच आहे हे मानत नव्हती, तिनं एका मिनिटात, काहीही न विचारता, दाखला पाठवला. विरुपाक्षानं तो ओट्यावर उभा राहून वाचला:

"प्रमाणपत्र. श्रीमती बजाबाई भ्रतार सिद्धेश्वराच्या तळ्यात कमळं फुलली आठ आबासाहेबांचं नाव घेते सोडा माझी पाठ, जन्म एक जून, डावा गुडघा झिजलेला, राहणार शुक्रवार पेठ, या गेल्या मार्चपासून आमच्या डायमंड सदस्य असून त्यांची वर्तणूक समाधानकारक आहे."

बोळानं टाळ्या वाजवल्या. म्हाळसाबाईनंसुद्धा. ह्यांनी दाखल्यावरचा शिक्का निरखून पाहिला आणि तो सरळ पडलाय असा शेरा दिला.

दुसऱ्या दिवशी पहिली ओटी मीच भरली. हिरवा खण, तांदूळ, हळकुंड, नारळ. देवीसमोर वाकले, गुडघा कळवळला, आणि कमरेला खोचलेला फोन थरथरला. बाहेर येऊन बघितला.

'बजाबाई मॅडम, ओटी छान झाली. खण हिरवाच शोभतो. नारळावर मात्र लक्ष ठेवा.'

नाव काढायचा अर्ज मी परत घेतला. घरात कुणीतरी हवं, ज्याचं माझ्याकडे लक्ष आहे.

तुम्ही हसताय ते मला दिसतंय. हसा. तुम्ही रमी खेळत नाही, शिकलेले आहात, सगळं वाचूनच दाबता. पण तुमचाही नंबर कुणाच्या ना कुणाच्या फोनात आहे. भावाच्या, मेहुणीच्या, तुमच्या हाताखालच्या माणसाच्या, शेजारच्या त्या गोड बोलणाऱ्या बाईच्या. तिथं तुमचं नाव काय म्हणून लिहिलंय, ते कधी विचारलंत का? मला माहीत आहे. तुमची शेजारीणही आमच्या ॲपवर आहे.

ऐकायचंय? खर्च काही नाही. फोन जरा तोंडासमोर धरा. असाच.

बघा, मिचकावलेत.